फ्रिजवरचं भरतीचं वेळापत्रक

प्रश्न असा आहे: "दीड वर्षापूर्वी मानवशास्त्र विभागात सहायक प्राध्यापक म्हणून रुजू झालो. बायको नोकरी करते, मुलगी चार वर्षांची आहे. तास, विभागातली कामं आणि घर यांतच दिवस संपतो, लेखन होतच नाही. आता पाच महिन्यांच्या क्षेत्रकार्यासाठी, म्हणजे ज्यांचा अभ्यास करायचा त्या लोकांत जाऊन राहण्यासाठी, ग्रँट मंजूर झाली आहे. जावं की नाही, कळत नाही. तुमचा दिवस प्रत्यक्षात कसा जातो आणि इतकी वर्षं तुम्ही हे कसं जमवलंत?"

बावीस वर्षांच्या नोकरीत हा प्रश्न मला कितीदा विचारला गेला याची गणतीच नाही, आणि जवळजवळ दरवेळी विचारणारी बाई होती. पुरुष सहकाऱ्यांना तो कुणी विचारत नाही, तेही तो स्वतःला विचारताना दिसत नाहीत. तुम्ही विचारलात, म्हणून जरा ऐसपैस लिहिते. फक्त ते "जमवलंत" तेवढं मागे घ्या. न जमलेलंही बरंच आहे, ते ओघात येईलच.

सत्र चालू असतानाचा एक साधा मंगळवार सांगते. पहाटे पाचच्या आत उठते आणि सव्वासहापर्यंत लिहिते. या वेळात वाचन नाही, संदर्भ शोधणं नाही, मेल तर नाहीच. एखादं नाव, साल आठवलं नाही तर तिथे "शोध" असा शब्द टाकून पुढे जायचं. दिवसभरात हे 'शोध' शोधायला वेळ मिळतो, पण नवा परिच्छेद लिहायचा वेळ पुन्हा मिळत नाही. सव्वासहाला घर जागं होतं. सकाळ नवऱ्याची असते: उठवणं, आंघोळ, डबा, दप्तर, शाळा. मी त्यात पडत नाही. दहाचा तास. मग दोन रिसर्च स्कॉलर, एकाचं प्रकरण तिसऱ्यांदा वाचलेलं आणि अजूनही त्याचा मुद्दा चौथ्या पानावर सुरू होणारा. दुपारी बैठक, जी अर्ध्या तासात आटपली असती आणि दीड तास चालते. साडेचारला मी उठते. साडेचार ते रात्री साडेनऊ घर, आणि त्यात नवरा पडत नाही. त्यानंतर अंगात जोर उरला असेल तर तासभर ध्वनिमुद्रणं ऐकून उतरवून काढते. एका तासाची मुलाखत शब्दशः उतरवायला चार ते सहा तास लागतात. या धंद्यातलं सगळ्यात रटाळ काम हेच, आणि दमल्या डोक्याने करता येण्याजोगंही हेच. म्हणून ते रात्री.

हा झाला चांगला मंगळवार. महिन्यात असे दोन आले तरी मी खूश असते. मुलीला ताप, परीक्षेचे पेपर, मुदत टळून गेलेलं एखाद्या नियतकालिकाचं परीक्षण, कुणाची तरी मौखिक परीक्षा, यांपैकी काहीही आलं की वरचं सगळं कोलमडतं. म्हणूनच "दिवस कसा जातो" या प्रश्नाने आपली फसगत होते. दिवस हे मापच चुकीचं आहे.

हे मला कळलं ते घरात नव्हे, क्षेत्रात. माझं क्षेत्र म्हणजे दीड दिवसाच्या प्रवासावरचं एक मासेमारी करणारं गाव. तिथे पहिल्या महिन्यात मी मुलाखतींच्या वेळा ठरवायची: उद्या सकाळी आठ वाजता. लोक हो म्हणायचे, आणि आठ वाजता दारात कुणी नसायचं. आठवडाभर मी चिडचिड केली. मग ज्या म्हाताऱ्या बाईंकडे राहत होते त्या म्हणाल्या, "पाणी तुमच्या घड्याळात बघून येतं का?" भरती रोज साधारण पन्नास मिनिटं उशिरा येते. काल आठला रिकामा असलेला माणूस आज आठला पाण्यात असतो, आणि आठवड्याभराने भर दुपारी झोपलेला असतो. तारखेच्या आकड्यावर नव्हे, चंद्रावर बेतलेलं वेळापत्रक. त्यांच्या नजरेने बघितलं तर बेशिस्त मीच होते.

मानवशास्त्रज्ञ इव्हान्स-प्रिचर्ड यांनी १९४० साली सुदानमधल्या, गुरं पाळणाऱ्या नुएर लोकांविषयी जे लिहिलं, ते आपण पहिल्या वर्षाला शिकवतो: दिवसाचं घड्याळ म्हणजे गुरांचं घड्याळ. गोठ्यातून गुरं बाहेर काढायची वेळ, दूध काढायची वेळ, वासरं परत आणायची वेळ. कामांमागे काळ सरकतो, काळामागे कामं धावत नाहीत. मी हे पाच वर्षं फळ्यावर लिहीत होते, आणि घरी येऊन लहान बाळाला "साडेसातला झोप" म्हणून थोपटत होते. घर हे गुरांच्या घड्याळावर चालतं. मूल जेवून होईल तेव्हा जेवण संपतं, रडू थांबेल तेव्हा रडणं संपतं. विद्यापीठ तासाच्या घंटेवर चालतं. आणि लेखन यांपैकी कशावरच चालत नाही. त्याला आधी डोकं रिकामं लागतं आणि मग सलग वेळ लागतो. तुमचं लेखन होत नाही ते आळसामुळे नव्हे, तर तिन्ही घड्याळं एकाच भिंतीवर टांगून तुम्ही त्यांची सरासरी काढताय म्हणून.

मी काय केलं, तर सरासरी सोडली. लेखन पहाटे, कारण त्या वेळी दुसरी दोन्ही घड्याळं बंद असतात. तुम्ही पहाटेचे नसाल तर दुसरी कुठलीही वेळ चालेल, पण बाकीची दोन घड्याळं खरोखर बंद असलेलीच निवडा. "मधल्या मोकळ्या तासाला लिहीन" हे मी अकरा वर्षं म्हणत होते. त्या तासांतून एक पान निघालेलं मला आठवत नाही. ते तास मेलना, सह्यांना, शिफारसपत्रांना देऊन टाकले.

अध्यापनाबद्दल थोडक्यात. नव्या विषयाच्या एका तासाच्या तयारीला मला सहा-सात तास लागायचे, तिसऱ्या वर्षी एक पुरायचा. म्हणून सुरुवातीच्या वर्षांत दर सत्राला नवा विषय अंगावर घेऊ नका, विभागप्रमुख कितीही गोड बोलले तरी. बाकी शिकवण्याचं तुम्हाला सुचेलच.

आता क्षेत्रकार्य, कारण आपली खरी अडचण तिथे आहे. रसायनशास्त्राचा प्राध्यापक प्रयोगशाळेला कुलूप लावून संध्याकाळी घरी जातो. आपली प्रयोगशाळा दीड दिवसाच्या प्रवासावर असते आणि तिथे राहावं लागतं. पूर्ण वर्ष राहायचं, कारण ऋतूंचं, सणांचं, कामांचं एक चक्र डोळ्यांसमोरून जायला हवं, हा दंडक मानवशास्त्रज्ञ मॅलिनोव्हस्कींच्या, न्यू गिनीजवळच्या ट्रोब्रियंड बेटांवरच्या मुक्कामापासून पक्का झाला. १९१५-१६ आणि १९१७-१८ असे दोन मुक्काम त्यांनी केले. एल्सीशी त्यांचं लग्न झालं १९१९ साली, म्हणजे त्यानंतर. बेटांवर असताना घरी वाट बघणारं मूल नव्हतं. तरीही मृत्यूनंतर पंचवीस वर्षांनी, १९६७ साली, त्यांची खासगी डायरी छापली गेली तेव्हा तिच्यात काय होतं? कंटाळा, चिडचिड, कादंबऱ्यांत तोंड खुपसून घालवलेले दिवस, आणि दूर असलेल्या एल्सीची सारखी येणारी आठवण. ज्यांनी तंबूत एकट्याने राहण्याचा आदर्श घालून दिला, त्यांनाही ते सुखाचं गेलं नव्हतं.

मानवशास्त्रज्ञ फ्रान्झ बोआस १८८३ साली उत्तर ध्रुवाकडच्या बॅफिन बेटावर गेले. टपाल जायची सोय नव्हती, तर वाग्दत्त वधूला लिहायची पत्रं ते वहीतच लिहीत राहिले, रोजनिशीसारखी. हे आपण रंगवून सांगतो. त्यांच्यासोबत घरचा एक नोकर, विल्हेल्म वाइके, गेला होता आणि रोजची कष्टाची कामं त्याच्याकडे होती, हे सांगायचं आपण विसरतो. आपल्या शास्त्राचा इतिहास वाचताना मला आता सवयच लागली आहे: थोर माणसाच्या पुस्तकाची प्रस्तावना उघडायची आणि आभाराच्या शेवटच्या ओळीत कोण आहे ते बघायचं. मानवशास्त्रज्ञ व्हिक्टर टर्नर १९५०च्या दशकात आजच्या झाम्बियात न्डेम्बू लोकांमध्ये मुलंबाळं घेऊन राहिले. त्यांच्या पत्नी एडिथ तिथे मुलं सांभाळत होत्या आणि संशोधनही करत होत्या. त्या संशोधनाचं श्रेय त्यांना बऱ्याच उशिरा मिळालं.

आपल्याकडे अशा वेळी इरावती कर्वे यांचं नाव हमखास निघतं: तीन मुलं, लांबलांबचे दौरे, डोक्यांची मापं घेण्यापासून नातेसंबंधांपर्यंतचं काम आणि वर ललित लेखन. "बघा, त्यांनी केलं की नाही?" असं मला एका मुलाखतीत ऐकवलं होतं. केलं, हे खरंच. पण पती दिनकर कर्वे स्वतः प्राध्यापक होते आणि बायकोच्या कामामागे ठामपणे उभे होते, हे त्या वाक्याला कधीच जोडलं जात नाही. अमेरिकन मानवशास्त्रज्ञ मार्गारेट मीड यांची मुलगी १९३९ साली जन्मली, तेव्हा त्याही काही एकट्याने मूल वाढवत बसल्या नाहीत. पुढची बरीच वर्षं त्या लॉरेन्स फ्रँक यांच्या कुटुंबाबरोबर एकाच घरात राहिल्या. त्या घरात मुलं पुष्कळ आणि मोठी माणसंही पुष्कळ होती. मूल अनेकांनी मिळून वाढवायचं, ही सामोआत आणि न्यू गिनीत पाहिलेली गोष्ट त्यांनी घरी वापरली, असं मी म्हणेन.

हे फक्त सोयीचं नाही, त्याला शास्त्राचा आधार आहे. मानवशास्त्रज्ञ सारा ब्लाफर हर्डी यांनी २००९च्या पुस्तकात मांडलं आहे की माणसाचं मूल एकट्या आईने वाढवण्याजोगं नाहीच, आजी-मावशी-भावंडं-शेजारी असा गोतावळा धरूनच मानवजात तगली. मध्य आफ्रिकेतल्या एफे लोकांमध्ये चार महिन्यांच्या बाळाचा निम्म्याहून जास्त वेळ आईखेरीज इतरांच्या हातात जातो, असं निरीक्षण आहे. हे मी वर्गात शिकवते. आणि माझी मुलगी आठ महिन्यांची असताना तिला पहिल्यांदा शेजारच्या मावशींकडे ठेवलं, त्या दिवशी मी जिन्यात बसून रडले. माहीत असणं आणि अंगी उतरणं यांत बरंच अंतर असतं.

त्या मावशींची एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. मुलगी सहा वर्षांची असताना मी घरी नातेव्यवस्थेच्या तासाची तयारी करत होते. पुरुषाला त्रिकोण, बाईला वर्तुळ, लग्नाला दोन समांतर रेघा, मुलांना खाली उतरणारी रेघ. तिला खेळ वाटला, तिने आपलं घर काढलं. मी, बाबा, ती, दोन्हीकडचे आजी-आजोबा. मग एक वर्तुळ आणखी काढलं आणि पेन्सिल हातात धरून थांबली. "मावशींची रेघ कुठून काढू?" मी म्हटलं, त्या आपल्या नात्यातल्या नाहीत ना. ती म्हणाली, "पण मला शाळेतून आणतात." आणि स्वतःपासून मावशींपर्यंत तिने ठिपक्याठिपक्यांची रेघ ओढली. मानवशास्त्रज्ञ जॅनेट कार्स्टन यांनी मलेशियातल्या लंकावी बेटावर हेच दाखवलं आहे: एका चुलीवर जेवता जेवता, एका छपराखाली राहता राहता माणसं नातलग होतात. तो कागद मी अजून दरवर्षी त्या तासाला नेते. मुलीची परवानगी घेऊन. ही परवानगी का, ते पुढे सांगते.

मुलगी तीन वर्षांची झाल्यावर मी तिला घेऊन क्षेत्रात गेले, सात आठवड्यांसाठी. नवरा मधले तीन आठवडे आला. तुम्ही कुठेतरी वाचलं असेल की मूल बरोबर असलं की दारं उघडतात. उघडतात, खरंय. आधीच्या दोन फेऱ्यांत माझ्याशी जेमतेम बोलणाऱ्या बायका तिला कडेवर घेऊन आपणहून बोलू लागल्या. मुलाचं अंगावरचं दूध कधी तोडायचं, दृष्ट कशी काढायची, समुद्रावर गेलेल्या माणसाचं नाव संध्याकाळी का घ्यायचं नाही. माझ्या प्रश्नावलीत यातलं काही नव्हतं, आणि पुढे माझ्या पुस्तकाची दोन प्रकरणं यातूनच निघाली. पण काही दारं बंदही झाली. होड्या पाण्याप्रमाणे कधी पहाटे तीनलाही सुटायच्या, मी एकदाही जाऊ शकले नाही. पुरुषांच्या बैठकीत मी आता "बाळाची आई" होते, तिथे गंभीर बोलणं थांबायचं. आणि टिपणं! दिवसभर चिठ्ठीवर खरडलेले शब्द त्याच रात्री सविस्तर लिहून काढायचे असतात, झोपून उठलं की निम्मं गेलेलं असतं, हे तुम्हाला सांगायला नको. मुलगी झोपेपर्यंत मीच झोपलेली असायची. त्या सात आठवड्यांतली अकरा दिवसांची टिपणं माझ्याकडे नाहीत. फक्त चिठ्ठ्या आहेत, आणि त्यांतल्या काहींचा अर्थ मलाही लागत नाही. "दोरी, हसणं, नाही म्हणाली" याचा अर्थ मी आजवर शोधतेय.

एक गोष्ट मात्र टिंगलटवाळीची नाही. मानवशास्त्रज्ञ मिशेल रोझाल्डो १९८१ साली फिलिपीन्समध्ये क्षेत्रकार्य करताना डोंगरकड्यावरून पडून वारल्या. नवरा रेनाटो आणि दोन लहान मुलं त्या वेळी तिथेच बरोबर होती. फिलिपीन्समधल्या ज्या इलोंगोट लोकांत दोघांनी आधी काम केलं होतं, ते "दुःखातून येणारा संताप" असं जे सांगत होते, ते आपल्याला तोवर कळलंच नव्हतं, असं रेनाटो यांनी पुढे एका निबंधात लिहिलं. हा निबंध मी विद्यार्थ्यांना सिद्धान्तासाठी वाचायला देते. कुटुंबासह क्षेत्रात जाणाऱ्या सहकाऱ्याला दुसऱ्या कारणासाठी देते. जवळचं रुग्णालय किती तासांवर, रात्री वाहन मिळतं का, फोनला रेंज कुठपर्यंत, मुलाच्या लसी झाल्यात का, तुम्हाला काही झालं तर मुलाला तिथून कोण बाहेर काढेल. एथिक्स कमिटीचा अर्ज तुम्ही ज्यांचा अभ्यास करता त्यांच्या सुरक्षिततेबद्दल बारा पानं विचारतो. आमच्या अर्जात तरी संशोधकाच्या मुलाबद्दल एकही रकाना नव्हता. ते पान मी स्वतःच लिहिलं आणि फाइलला लावलं.

आणि सलग वर्षभराचा तो जुना दंडक आता पहिल्यासारखा राहिलेला नाही. २०२० साली गोकचे ग्युनेल, सायबा वर्मा आणि चिका वातानाबे या तिघी मानवशास्त्रज्ञांनी एक जाहीरनामाच काढला. तुकड्यातुकड्यांनी केलेलं, गोधडीसारखं जोडत नेलेलं क्षेत्रकार्य हेही खरं क्षेत्रकार्य आहे, असं त्यात म्हटलं आहे. घरच्या जबाबदाऱ्या, अपुरे पैसे, कंत्राटी नोकऱ्या हे लपवून ठेवायचे कमीपणाचे विषय नाहीत, ज्ञान कसं तयार होतं त्याचाच ते भाग आहेत, असा त्यांचा मुद्दा. त्यात एक धोका मला दिसतो, तोही सांगते. फेऱ्या छोट्या झाल्या म्हणजे काम छोटं झालं असं नाही. दोन फेऱ्यांच्या मध्ये भाषा टिकवावी लागते, माणसांशी फोनवर बोलत राहावं लागतं, कुणाकडचं लग्न, कुणाकडचं मयत लक्षात ठेवावं लागतं. नाहीतर ती नुसती सहल होते. माझ्या फ्रिजवर गेली कित्येक वर्षं त्या गावच्या भरती-ओहोटीचं वेळापत्रक चिकटवलेलं असतं. तिकडे आता पाणी चढतंय की उतरतंय ते बघून मी फोन करते. सुरुवातीला नवरा हसायचा. आता "आज नऊनंतर कर, आत्ता सगळे किनाऱ्यावर असतील" असं तोच सांगतो.

परवानगीचं सांगायचं राहिलं. आपल्या धंद्यातला माणूस घरी आला तरी डोळे बंद करत नाही. मूल भाषा कशी उचलतं, भांडणात कोण कुणाची बाजू घेतं, देव्हाऱ्यापुढे कोण उभं राहतं आणि कोण नाही, सगळं टिपलं जातं. मी ते वहीतही टिपायची. मुलगी दहा वर्षांची असताना तिच्या एका भीतीचा किस्सा मी वर्गात उदाहरण म्हणून सांगितला. वर्ग हसला, मुद्दा सगळ्यांना कळला, मी खूश. त्या वर्गात तिच्या वर्गमैत्रिणीची मोठी बहीण बसलेली होती. चार दिवसांनी मुलगी शाळेतून आली ती थेट खोलीत गेली. रात्री मी शेजारी जाऊन बसले आणि माझ्या नेहमीच्या सुरात विचारलं, "तुला त्या वेळी नक्की काय वाटलं?" ती भिंतीकडे तोंड करून म्हणाली, "तू आत्ता माझ्याशी बोलतेयस की मुलाखत घेतेयस?"

अनोळखी गावात मी प्रत्येक माणसाची संमती घेते, नावं बदलते, गावाचंही नाव बदलते. पोटच्या पोरीची संमती मी घेतली नव्हती. त्या वहीतली घराबद्दलची पानं मी तिच्या हवाली केली. तिने काय केलं ते विचारलं नाही. तेव्हापासून घरातलं काही वर्गात न्यायचं असेल तर आधी तिला विचारते, आणि ती बऱ्याचदा नाही म्हणते. तुमची मुलगी चारच वर्षांची आहे. ही सवय आत्ताच लावून घेतलीत तर पुढचं बरंच वाचेल.

आता तुमच्या घरातली वाटणी. आर्ली हॉचशील्ड या समाजशास्त्रज्ञ बाईंनी १९८९ साली "दुसरी पाळी" हा शब्दप्रयोग रूढ केला: नोकरीची पाळी संपवून बाई घरी येते आणि दुसऱ्या पाळीवर रुजू होते. तुम्ही मदत करत असाल, यात मला शंका नाही. "मदत" या शब्दातच खोट आहे. मदत करणारा काय करायचं ते विचारतो, आणि विचारलेल्याचं उत्तर देणं हेही कामच असतं. आम्ही आठवडाभर भांडून शेवटी कामं वाटायचं सोडलं आणि वेळा वाटल्या. सकाळ पूर्ण त्याची. मोजा सापडला नाही तर तो शोधणं त्याचं, नवा आणायचा आहे हे लक्षात ठेवणंही त्याचं. पहिले दोन महिने मुलगी रोज वेगवेगळ्या रंगांचे मोजे घालून गेली. मी दात ओठ खाऊन गप्प बसले. ते गप्प बसणं पहाटेच्या लेखनाहून अवघड होतं.

आणि "समतोल" या शब्दाशी माझं पटत नाही. तराजूची पारडी एकाच वेळी सारखी व्हावी लागतात. आमच्या घरी ती कधीच सारखी झाली नाहीत. त्यापेक्षा उसनवारी हा शब्द मला बरा वाटतो. कर्ज आणि उसनं यांतला फरक आठवा. कर्जाला व्याज असतं, कागद असतो, आणि फिटलं की संबंध संपतो. उसनं वाटीने आणलं तर वाटीनेच परत जातं, लगेच नाही, पण विसरूनही चालत नाही. आणि दोन घरांमधलं येणंजाणं त्यानेच चालू राहतं. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ मार्सेल मॉस १९२५ साली भेटवस्तूबद्दल हेच सांगत होते: देणं, घेणं आणि परतफेड, तिन्ही बंधनकारक. पुढच्यांनी त्यात भर घातली की देणं आणि परतफेड यांच्यात काही काळ जावा लागतो, नाहीतर तो नुसता व्यवहार होतो. मी नवऱ्याकडून सात आठवडे उसने घेतले होते. परत केले ते दोन वर्षांनी. त्याच्या खात्यांतर्गत परीक्षेच्या वेळी सकाळ, संध्याकाळ, रात्र सगळं माझ्याकडे होतं, आणि त्या काळात मी एक ओळही लिहिली नाही. एकदा मात्र चुकले. एका परिषदेसाठी दहा दिवस घेतले, आणि परत आल्यावर "आता मी आहे ना" म्हणून तसंच पुढे रेटलं. तो काही बोलला नाही. वर्षभराने दुसऱ्याच कुठल्यातरी भांडणात ते दहा दिवस तारखेसकट बाहेर आले.

तर तुमचे पाच महिने. माझं मत: जा, पण सलग जाऊ नका. ग्रँट देणाऱ्यांना आत्ताच लिहा की कालावधी तीन फेऱ्यांत विभागायचा आहे. अर्जात दिलेले महिने बहुतेकदा बदलता येतात, फक्त पैसे खर्च होण्याआधी विचारावं लागतं. त्याच पत्रात मूल सांभाळण्याचा खर्च त्यात बसतो का तेही विचारा. काही संस्था तो देतात, पण न मागणाऱ्याला कुणीच देत नाही. पहिली फेरी एकट्याने, सहा आठवड्यांच्या वर नको. राहायची जागा, पाणी, डॉक्टर हे सगळं तेव्हा डोळ्यांनी बघून घ्या. दुसरी फेरी मुलीच्या सुट्टीत, दोघींना घेऊन, आणि त्या फेरीत टिपणं निम्मीच होणार हे आधीच धरून चाला. रोज रात्री लिहिणं जमलं नाही तर फोनवर पाच मिनिटं स्वतःच्याच आवाजात बोलून ठेवा. माझे ते अकरा दिवस त्याने वाचले असते. तिसरी फेरी उरलेली, पुन्हा एकट्याने, तेव्हा होडीत बसा.

चार वर्षांच्या मुलीला "सहा आठवडे" कळत नाहीत. तिला तारखा सांगू नका, काहीतरी हातात द्या. माझ्या मुलीने सुतळीला बेचाळीस गाठी मारून घेतल्या होत्या आणि ती रोज एक सोडायची. कधी दोनही सोडायची, म्हणजे मी लवकर येईन म्हणून. नवरा रात्री गुपचूप एक परत मारून ठेवायचा.

आणि तिकीट काढायच्या आधी बायकोबरोबर कॅलेंडर घेऊन बसा. तुमच्या तीन फेऱ्या लिहायच्या आधी तिचे आठवडे लिहा. ते कशासाठी आहेत हे तिने सांगितलंच पाहिजे असं नाही. शाईनेच लिहा.